अर्ध्या तासाच्या आतले देव

उज्जैनमध्ये जन्म काढून, गळ्यात कॅमेरा अडकवून, महाकालाच्या देवळाचा एकही फोटो न काढलेला माणूस जगाच्या पाठीवर एकच होऊन गेला असेल, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या पत्रिकेत लिहिलेला होता. आम्ही त्यांना भाऊजी म्हणत असू. गावोगावचे यात्रेकरू क्षिप्रेच्या घाटावर ओलेत्याने उभे राहून फोटो काढून घेत, तेव्हा भाऊजी त्या सगळ्या सोहळ्याकडे पाठ करून मालगोदामाच्या भिंतीशी उकिडवे बसलेले असत. तिथे एक वीतभर मारुती होता आणि त्याच्या अंगावर ऊन म्हणे सव्वाआठलाच नीट पडे. कोणी विचारलंच तर ते शांतपणे म्हणत, "महाकालाला फोटोवाले पुष्कळ आहेत. ह्या बिचाऱ्याला कोण आहे?" मारुती बिचारा असतो हे मी तोवर कुठल्याच स्तोत्रात वाचलं नव्हतं.

मी साताऱ्याकडची. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्याच वर्षी उज्जैनच्या एका मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली आणि मी माधवनगरात अक्काच्या घरी राहायला आले. भाऊजींचे पूर्वज पाच पिढ्यांमागे ग्वाल्हेर दरबाराच्या चाकरीत माळव्यात उतरलेले. त्यामुळे त्यांची मराठी तिकडच्या हवेत चांगली मुरली होती. पहिल्याच रविवारी सकाळी ते मला म्हणाले, "मास्तरीणबाई, लवकर नहाऊन घ्या, नाश्ता करा, मग आपण घुमायला जाऊ. रस्त्यात एक भैरू आहे, एक शीतलामाता आहे." आमच्याकडे घुमतं ते अंगात आलेलं माणूस. त्यात वाटेत भैरू, म्हणजे भैरोबा, आणि शीतलामाता! मी भेदरून अक्काकडे पाहिलं. ती पोहे परतत होती. "अगं, घुमायला म्हणजे फिरायला," ती म्हणाली. "घाबरू नकोस. फक्त चपला जुन्या घाल." चपलांचं रहस्य मला अर्ध्या तासात उलगडलं. भाऊजींचे देव कधी रस्त्यावर नसत. ते गटाराच्या पलीकडे, खडीच्या ढिगामागे किंवा बाभळीच्या काट्यात राहत.

अर्धा तास हा शब्द मी उगाच वापरला नाही. तो भाऊजींचा कायदा होता. घरापासून चालत अर्ध्या तासाच्या आत जो देव असेल तो आपला, त्यापलीकडचा दुसऱ्या कुणाचा तरी. हा कायदा त्यांनी थेट जपानातून आणला होता. महायुद्ध संपल्यावर जी हिंदी पलटण जपानात पहाऱ्यासाठी नेली, तिच्यात भाऊजी नकाशे काढणारे म्हणून गेले होते. छावणीतून बाहेर जायची मुभा एवढीच, की हजेरीचा बिगुल झाला की अर्ध्या तासात चालत परत येता आलं पाहिजे. बाकीचे लोक यावर चडफडत. भाऊजींनी मात्र तेवढ्याच टापूत अकरा देवळं शोधून काढली. लाल रंगाची लाकडी कमान, तिच्यातून आत गेलं की भाताच्या शेताकडेला कंबरेएवढं देऊळ, पुढे दगडाचे दोन कोल्हे आणि त्यांच्या गळ्यात लाल फडकं. वाटेच्या वळणावर दगडाचे चिमुकले भिक्षू, त्यांनाही कोणी कोणी लाल लाळेरी बांधलेली. "मी पाहिलं आणि म्हटलं, अरे, हा तर आपला शेंदूरच! फक्त कापडाचा," भाऊजी सांगत. तळ्यातल्या बेटावर त्यांना वीणेसारखं वाद्य घेऊन बसलेली एक देवी भेटली, तेव्हा तर त्यांना गावाकडचं माणूस भेटल्यासारखं झालं. "सरस्वती हो! चेहरा तेवढा तिकडचा. मी विचारलं, बाई, तुम्ही इकडे कधी आलात?"

कॅमेराही तिथलाच. पुढचा काळा भाता ओढून बाहेर काढायचा, काम झालं की घडी करून मिटायचा. तिथल्या एका दुकानदाराकडून भाऊजींनी तो दोन शेर साखर आणि एक लोकरी स्वेटर देऊन घेतला होता. साखर सरकारी होती, तिचं अक्काला काही नव्हतं. स्वेटर तिने दोन महिने बसून विणलेला होता. मी त्या घरात राहिले तेवढी सगळी वर्षं, थंडी पडली की ती एकदा तरी म्हणे, "तो जपानी आज उबेत असेल."

कॅमेऱ्याबरोबर त्यांनी तिकडच्या सवयीही आणल्या. देवासमोर उभं राहिलं की ते आधी दोनदा खणखणीत टाळ्या वाजवत, मग हात जोडत. तिकडे म्हणे तशीच रीत आहे. आमच्या देव्हाऱ्यापुढे रोज सकाळी या टाळ्या वाजत आणि शेजारची कबुतरं उडून जात. "देव काय झोपलेत?" अक्का विचारी. "जागे असतात ग," भाऊजी म्हणत, "पण लक्ष दुसरीकडे असतं." दुसरी सवय कमरेत वाकून नमस्कार करण्याची. कचेरीत नवे साहेब आले तेव्हा भाऊजी त्यांच्यासमोर असे काही वाकले, की साहेबही "क्या गिर गया?" म्हणत टेबलाखाली शोधू लागले.

भाऊजी सरकारी बांधकाम कचेरीत नकाशे काढत. तेव्हा राज्यं अशी भराभर बदलत होती की त्यांनी एकाच खुर्चीवर बसून आधी दरबाराची आणि मग मध्यभारताची नोकरी केली. फक्त कागदावरचा शिक्का बदलला आणि चहा तोच राहिला. या नोकरीचा त्यांनी एकच गैरफायदा घेतला. कचेरीतून बाद झालेला शहराचा एक नकाशा घरी आणून भिंतीवर लावला, आमच्या घरावर कंपासाचं टोक रोवलं आणि अर्ध्या तासाचं वर्तुळ काढलं. दर रविवारी त्या वर्तुळात एखादा नवा शेंदरी ठिपका उमटे. या देवांना भाऊजींनीच नावं दिली होती. तारेच्या खांबाला टेकलेला तो तारवाला मारुती. रस्ता वर येत गेला आणि जो छातीपर्यंत जमिनीत गेला तो बुडालेला गणपती. सायकलच्या दुकानाच्या पायरीवर असलेले पंक्चरवाले महादेव. आमचे काका-काकू पुण्याहून खास उज्जैन बघायला आले, तेव्हा भाऊजींनी त्यांना या पंक्चरवाल्या महादेवापाशी उभं केलं. फोटो फार सुरेख आला. मध्ये महादेव, डावीकडे काकू, उजवीकडे काका, आणि काकांच्या डोक्यामागे एक उलटी टांगलेली सायकल. काकांनी फोटो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला. मग म्हणाले, "पुण्यात दाखवायचं काय? हे उज्जैन?" भाऊजी म्हणाले, "हेच उज्जैन, काका. तुम्ही काल पाहिलंत ते यात्रेकरूंचं."

फोटो धुण्याचं काम न्हाणीघरात चाले. झरोक्याला काळं कांबळं, दिव्याला लाल कागद, बंबाच्या शेजारी औषधांची ताटं, आणि दाराबाहेर टॉवेल घेऊन ताटकळत उभ्या असलेल्या आम्ही दोघी बहिणी. ओले फोटो दोरीवर चिमट्यांनी टांगलेले असत, आणि उन्हाळ्यात खाली अक्काचे पापड. एकदा एक शीतलामाता पापडावर पडली. तो पापड अक्काने तळला नाही आणि फेकलाही नाही. शेवटी तो नदीत सोडला. फोटो तयार झाला की त्याची एक प्रत त्यात दिसणाऱ्या माणसाला नेऊन दिल्याशिवाय भाऊजी जेवत नसत. पुजारी असो, हार विकणारी असो की मध्येच येऊन उभा राहिलेला टांगेवाला असो. याचं कारण मला अक्काने सांगितलं. जपानात कोल्ह्यांच्या त्या देवळात एक म्हातारी रोज झाडायला येई. भाऊजींनी तिचा फोटो काढला आणि खुणांनी सांगितलं, आठ दिवसांनी आणून देतो. चौथ्याच दिवशी पलटणीला परतीचा हुकूम आला. "तिचा मुलगा लढाईत गेलेला होता ग," अक्का म्हणाली. "ती झाडू टाकून केस नीट करून उभी राहिली होती. ते यांना अजून लागून राहिलंय."

फ्रीगंजातल्या भैरूवर भाऊजींचा विशेष जीव होता. स्टेशन आणि बाजार यांच्या मधोमध एक चौकोनी ओटा, बाजूला कडुनिंब, आणि ओट्यावर शेंदराचा जाड थर चढलेला, चांदीचे डोळे लावलेला भैरू. समोर कडुनिंबाच्या सावलीत एक मालन बसे, म्हणजे फुलं विकणारी. पन्नाशीची, विधवा, बोलायला मोजकी. ओट्याच्या दुसऱ्या अंगाला एका सेठचं कचोरीचं दुकान होतं. एका हिवाळ्यात भाऊजींनी मालन आणि भैरू असा दोघांचा फोटो काढला. तो ज्या दिवशी ते धूत होते त्या दिवशी माझ्या शाळेत परीक्षा होती आणि मला उशीर झाला होता. मी न्हाणीघराचं दार धडाधडा वाजवलं. "भाऊजी, घंटा होईल माझी!" आतून आवाज आला, "बस, एक मिनिट, छापून घेतो!" आणि ते खरोखरच एका मिनिटात ओला फोटो घेऊन बाहेर आले.

मग तो रस्ता रुंद करायचं निघालं. नकाशा भाऊजींच्याच टेबलावर आला. नव्या रस्त्यात निम्मा ओटा जात होता. रेघ मारायच्या आधी भाऊजी स्वतः मालनकडे आणि सेठकडे जाऊन सांगून आले, की भैरूला काही दिवस उचलून ठेवावं लागेल, रस्ता झाला की होता तसा बसवू. भैरू सेठच्या कोठारात बेसनाच्या पोत्यांशेजारी जाऊन बसला. काही दिवस म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. भैरूचा म्हातारा पुजारी तेवढ्यात वारला. शेवटी नवा ओटा झाला, आणि भैरू उचलून आणल्यावर प्रश्न पडला की त्याचं तोंड कुठे करायचं?

मालन म्हणाली, स्टेशनकडे. सेठ म्हणाला, बाजाराकडे. स्टेशनकडे म्हणजे कडुनिंबाची सावली, मालनची वर्षानुवर्षांची जागा. बाजाराकडे म्हणजे सेठचं दुकान. भैरूच्या दर्शनाला आलेला माणूस कचोरीच्या दर्शनाला आलाच. भोवती पन्नास माणसं जमली, सगळी रोज तिथे हात जोडणारी, पण एकालाही खात्रीने सांगता येईना. रोज हात जोडणारी माणसं डोळे मिटून जोडतात, त्याला काय करणार! तेव्हा कोणीतरी म्हणालं, "फोटूवाले बाबूजी को बुलाओ."

भाऊजी अल्बम घेऊन गेले. मी सोबत होते. वाटेत ते मला म्हणाले, "मला स्वतःला स्टेशनकडेच आठवतं आहे." पण अल्बम उघडला तर फोटोत कडुनिंब भैरूच्या डाव्या हाताला. स्टेशनकडे तोंड असेल तर तो उजव्या हाताला यायला हवा होता. भाऊजींनी फोटो पाहिला, झाड पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "माझी आठवण चुकते," ते शेवटी म्हणाले. "फोटो चुकत नाही. बाजाराकडे."

सेठने लगेच नारळ मागवला. मालनने फोटो हातात घेऊन क्षणभर पाहिला आणि परत दिला. "कागद में है तो सही होगा, बाबूजी," ती म्हणाली, आणि टोपली उचलून पलीकडे गेली. तिला तिथे भट्टीच्या शेजारी जागा मिळाली. दुपारी बारापर्यंत तिचा झेंडू माना टाकू लागे. भाऊजी येता-जाता थांबत, लागत नसताना हार घेत. आमच्या देवांना त्या वर्षी इतके हार झाले की त्यांची तोंडं दिसेनाशी झाली.

असं वर्ष गेलं. पुढे राज्यांची नवी मांडणी झाली, मध्यभारत संपला, आणि भाऊजींच्या खुर्चीसकट सगळी कचेरी भोपाळला हलवायचा हुकूम आला. आठ दिवसांत निघायचं होतं. घरात पोती, खोकी, सुतळी. मी शाळेच्या बायकांच्या वसतिगृहात राहणार हे ठरलं होतं, म्हणून मलाही सारखं भरून येत होतं. अक्का भांडी गुंडाळताना मध्येच अल्बम उघडून बसली. आणि एकदम म्हणाली, "अहो, ही मालन चमकी डाव्या नाकात घालते ना?"

"असेल," भाऊजी सुतळी ओढत म्हणाले.

"असेल काय! मी दहा वर्षं तिच्याकडून फुलं घेतेय. डाव्याच. मग तुमच्या फोटोत उजव्या कशी?"

भाऊजींच्या हातातली सुतळी सुटली. त्यांनी अल्बम खिडकीशी नेला. मग खोक्यातून त्या फोटोची फिल्म शोधून काढली, उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. त्यांचा चेहरा पाहून अक्का उठून उभी राहिली. "छापताना मी ही पालथी ठेवली," ते म्हणाले. "सगळा फोटो उलटा आलाय. डावं ते उजवं. भैरू स्टेशनकडेच बघत होता."

मला ते न्हाणीघराचं दार आठवलं. मी म्हटलं, "भाऊजी, त्या दिवशी मीच तुम्हाला घाई केली होती."

"दार तुम्ही वाजवलंत, मास्तरीणबाई," ते म्हणाले, "फिल्म मी ठेवली." या विषयावर ते मला एवढंच बोलले, तेव्हाही आणि नंतरही.

अक्काचं मत पडलं की आता निघायच्या वेळी हे उकरू नये. प्रतिष्ठा झाली, वर्ष झालं, सेठ चिडेल, लोक हसतील. भाऊजींनी नुसती टोपी घातली. तेव्हा तीही पदर खोचून निघाली. "एकटे जाऊ नका," ती म्हणाली, "तुम्ही नुसते वाकाल."

आणि ते वाकलेच. भर सकाळी, कचोरीच्या गर्दीत, भाऊजी मालनच्या टोपलीसमोर कमरेतून वाकून उभे राहिले. "बाई, गलती माझी आहे. फोटू उलटा छापला. तुम्ही सांगितलं ते सही होतं. वर्षभर तुम्हाला इथे भट्टीशी बसवलं मी." सेठचा झारा कढईवर थांबला. मालनने हार ओवता ओवता वर पाहिलं आणि म्हणाली, "मेरे को तो मालूम था, बाबूजी."

"मग बोललीस का नाहीस?" अक्काच मध्ये बोलली.

"तुमने भोत मन से देखा था फोटू. सबके सामने क्या झूठा करती तुमको?" ती भाऊजींकडे बघत म्हणाली. "और मैं तो रोज पेहला फूल पीछे ही, टेसन की तरफ, चढ़ाती हूँ. भेरूजी को कौन सा गिनना है, आगे कि पीछे."

भाऊजींनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच कॅमेऱ्याची काच पुसली. सेठ मात्र घाबरला होता. वर्षभर भैरूला खोट्या फोटोच्या जोरावर कढईकडे बघत बसवलं, याचा हिशेब भैरू कोणाकडे मागेल हे त्याला लगेच कळलं. त्याने स्वतःच पंडिताला बोलावणं पाठवलं. निघायच्या आदल्या दिवशी भैरूला उचलून पुन्हा स्टेशनकडे वळवलं. नारळ फुटले, सेठने सगळ्यांना कचोऱ्या वाटल्या, आणि संध्याकाळपर्यंत त्याला त्यातलं मर्मही सापडलं. "अब तो भेरूजी हमारी दुकान से टिक के बैठे हैं," तो भैरूच्या पाठीकडे बोट करून येईल त्याला सांगू लागला. "जिससे टिकते हैं, उसी पे भरोसा होता है." मालन सावलीत तिच्या जागी जाऊन बसली. भाऊजींनी नवा फोटो काढला आणि त्याच दुपारी बांधलेली खोकी सोडून, न्हाणीघर बंद करून तो छापला. या वेळी फिल्म अक्काने ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते गेले. भोपाळहून भाऊजींचं पहिलं पत्र आलं ते फार उदास होतं. नवी सरकारी घरं गावाबाहेर उघड्या टेकाडावर बांधलेली. त्यांनी नेहमीप्रमाणे अर्ध्या तासाचं वर्तुळ काढलं होतं, आणि आठ रविवार चालून पाहिलं होतं. 'माती लाल आहे, वारा फार आहे, दगड पुष्कळ आहेत,' त्यांनी लिहिलं होतं, 'पण अजून एकालाही कोणी शेंदूर लावलेला नाही. सगळे आपापल्या गावचे देव मागे ठेवून आलेले. बघू.'

दिवाळीच्या सुट्टीत मी गेले. अक्का बारीक झाली होती, भाऊजींचे केस एकदम पांढरे दिसत होते. चहा झाल्यावर ते म्हणाले, "चला, घुमून येऊ," आणि मी जुन्या चपला घातल्या. आम्ही तिघं टेकाडाच्या कडेकडेने बरंच चाललो. सारख्या घरांच्या सारख्या रांगा, दोरीवर वाळणारे कपडे, पाण्यासाठी भांडणाऱ्या बायका, कोणी बुंदेली बोलणाऱ्या, कोणी छत्तीसगढी, मध्येच एखादी आपली मराठी. शेवटची रांग संपते तिथे एका करवंदीच्या जाळीखाली भाऊजी थांबले. एक साधा गुडघ्याएवढा दगड होता. त्याच्यावर कोणीतरी कुंकवाचं एक बोट ओढलं होतं, आणि पुढे एक सुकलेलं फूल.

"परवा नव्हतं," भाऊजी हळूच म्हणाले.

"कोणी केलं असेल?" मी विचारलं.

"असेल कोणी. राहायला आलेलं."

मी त्यांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. ऊन छान तिरपं होतं. त्यांनी पट्ट्यावर हात ठेवला, पण भाता काही ओढला नाही. दगडाभोवतीचा पालापाचोळा त्यांनी तेवढा हाताने बाजूला केला आणि उठले. "इतक्यात नको," ते म्हणाले. "नवा आहे. बुजेल." मग आम्ही तिघंही आवाज न करता तिथून मागे फिरलो.